एका शेव्हरोलेच्या उद्धारकर्त्यास

सकलगुणालंकृत, पुराणवाहनशिरोमणी, मोटारोद्धारक श्री. शोरूममालक महोदयांच्या सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्रास कारण की, आपण विक्रीस ठेवलेली १९३१ सालची शेव्हरोले गेल्या रविवारी आम्हा जुन्या मोटारींच्या वेड्यांना पाहायला मिळाली. आपण जातीने चहा पाजलात, क्रीमची बिस्किटे ठेवलीत, उन्हात उभे राहू नका म्हणून पंखासुद्धा बाहेर आणवलात. एवढे आदरातिथ्य झाल्यावर चार शब्द आभाराचे लिहिणे आलेच. पत्र खासगीत पाठवता आले असते; पण आपल्यासारख्यांचे उपकार चार लोकांत फेडलेले बरे.

सर्वप्रथम रंगाबद्दल धन्यवाद. त्या काळी जनरल मोटर्सवाले आपल्या गाड्यांना ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग मारत. हाताने पॉलिश करत राहावे तेव्हा कुठे त्याला एक मंद, खोल तकाकी येई. बिचाऱ्यांना याहून जास्त काही जमले नाही. आपण ती उणीव भरून काढलीत. मोतीकणांचा मरून रंग, त्यावर क्लिअरकोटचे थर! आमच्यातल्या एका तरुणाने बोनेटमध्ये पाहून भांग पाडला. ड्यूकोत त्याला हे जमले नसते.

रंगाच्या खाली काय आहे, हे बघण्याची खोड आमच्यातल्या एका काकांना आहे. ते खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. त्यांनी तो मागच्या दरवाजाला लावला आणि तो सरळ खाली पडला. डाव्या मडगार्डला लावला, तिथेही पडला. आपण क्षणाचाही विलंब न लावता खुलासा केलात, की ही बॉडी ॲल्युमिनियमची, खास ऑर्डर देऊन घडवलेली आहे. लांबीच्या इतक्या जाड थराला ॲल्युमिनियम म्हणण्याची कल्पकता मी अजून कुठल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यात पाहिलेली नाही. काकांनी चुंबक खिशात घातला आणि दुसरे बिस्किट घेतले.

क्रोमच्या बाबतीतही आपण हात आखडता घेतला नाहीत. बंपर आणि हेडलाइटच्या कड्यांना क्रोम सगळेच करतात. आपण बोनेटचे बिजागर, तेल मोजायची काडी, स्टिअरिंगचा दांडा, स्टेपनीचे नटबोल्ट, एवढेच काय, कारखान्याने काळ्या रंगात ठेवलेले ब्रॅकेटसुद्धा मुलाम्यात बुडवून काढलेत. मुलाम्याच्या टाकीत पडण्यापासून फक्त टायर वाचले, आणि त्यांना आपण पांढरे पट्टे लावलेत.

आणि ती देवी! रेडिएटरच्या टोपणावर पंख पसरून उभी असलेली रोल्स-रॉइसची देवी. चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने ती रोल्स-रॉइससाठी घडवली आणि १९११ पासून ती त्या एकाच घराण्यात नांदत होती. आपण तिला शेव्हरोलेच्या घरी आणलेत; ना पत्रिका बघितली, ना देणेघेणे ठरवले. तिला एकटे वाटू नये म्हणून मडगार्डवर पितळी नाग सोडलात, फणा काढलेला, शेपटीला भोंग्याचा रबरी फुगा लावलेला. या गाडीच्या भावी मालकाला नागपंचमीला बाहेर जायला नको, ही सोय मला विशेष आवडली.

आता बोनेट. ते उघडायला आपण खळखळ केलीत, पण काकांनी फारच गळ घातल्यावर उघडलेत, त्याबद्दल दुहेरी आभार.

शेव्हरोलेने १९२९च्या गाडीबद्दल जाहीर केले, की चार सिलिंडरच्या किमतीत आम्ही सहा सिलिंडर देऊ. आणि दिलेही. १९४ घनइंचांचे, म्हणजे साधारण ३.२ लिटरचे इंजिन, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, १९३१ सालच्या गाडीत ५० अश्वशक्ती. ओतीव लोखंडाचे हे धूड दिसायला राकट, पण चांगले लावलेले असले की स्टार्ट झाल्याचे बाजूला उभ्या माणसाला पटकन कळत नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी एक छोटी पळी असते. दर फेऱ्याला ती तेलाच्या पन्हाळीत बुडते आणि तेल उधळत वर जाते. बेअरिंगना व्हाइट मेटल ओतावे लागते. ते ओतायचे, खरवडायचे, शिम घालून बसवायचे, पुन्हा उघडून नीळ लावून कुठे टेकते ते बघायचे, पुन्हा खरवडायचे. एवढा धीर असलेले मिस्त्री आता हुडकावे लागतात. आपण त्यांना हुडकण्याचा त्रासच संपवलात. इंजिनच काढून टाकलेत.

त्या जागी आपण टेम्पो मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेत. “कूळ मर्सिडीजचे आहे, साहेब,” असे आपण छाती फुगवून म्हणालात. ते खरेच आहे. त्याबद्दल वाद नाही. म्हणजे अंग शेव्हरोलेचे, काळीज मर्सिडीजचे, माथ्यावर देवी रोल्स-रॉइसची. तीन घराणी एका चासीवर आणण्याचे जे काम भल्याभल्या कंपन्यांना जमले नाही, ते आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाले. आपण किल्ली फिरवलीत आणि समोरच्या इमारतीतल्या दोन बायका पाण्याचा टँकर आला असे समजून हंडे घेऊन खाली आल्या. त्यांनाही आपण चहा विचारलात. दिलदारी म्हणतात ती हीच.

एक गोष्ट मला इथे मोकळेपणी लिहू द्या. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिने बसली. ती ज्यांनी बसवली त्यांच्याबद्दल मी कधी वावगे बोलत नाही. त्यांना त्या गाड्या रोज चालवायच्या होत्या, त्यांवर घर चालायचे होते. आपल्यावर अशी कोणती वेळ आली होती, एवढेच मला समजले नाही. कारण या गाडीचे स्वतःचे इंजिन जागेवर होते. हँडल मारल्यावर फिरत होते. मी ते पाहिले आहे.

होय महोदय, ही गाडी मी आपल्या आधी पाहिली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात, परड्यातल्या शेडमध्ये, कडब्याच्या शेजारी. तालुक्याच्या डॉक्टरांची गाडी. पेशंट बघायला जायची, अडलेल्या बाईला घेऊन यायची, ओढ्याला पाणी असले की अलीकडे थांबायची. टप फाटलेला होता, गाद्यांतून काथ्या बाहेर आला होता, पण नंबरच्या पाटीपासून फूटबोर्डावरच्या रबरापर्यंत सगळे तिचे तिच्यावर होते. डॉक्टरांनी खरेदीची पावतीसुद्धा जपली होती.

आपल्या जाहिरातीत ही गाडी “महाराजांची शिकारीची मोटार, थेट इंग्लंडहून आयात” अशी झाली आहे. वाचून ऊर भरून आला. सरकारने १९७१ साली घटना बदलून संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे काढून घेतले. आपण मात्र एका एलएमपी डॉक्टरला मरणोत्तर गादीवर बसवलेत. त्यांनी आयुष्यभर शिकार केली ती हिवतापाची. आपण मागच्या सीटजवळ बंदुका टेकवायचे स्टँड लावलेत. तिथे औषधांच्या बाटल्यांची लाकडी पेटी बसत असे.

इंग्लंडचेही तसेच. शेव्हरोले अमेरिकन कंपनी, आणि आपल्याकडच्या या गाड्या जोडल्या जात त्या मुंबईत, शिवडीला. जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्यातून पहिली गाडी डिसेंबर १९२८ मध्ये बाहेर पडली. खोक्यांतून सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीचे कामगार ते जुळवायचे. मुंबईच्या माणसांनी आपल्या हाताने उभी केलेली मोटार, याहून मोठी वंशावळ मला तरी सुचत नाही. पण शिवडी म्हटल्यावर गिऱ्हाईक पाच लाख कमी करून मागते, ही आपली अडचण मी समजू शकतो.

संस्थानी गाड्या आमच्याकडे खरोखर आहेत हो. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३६ची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा पोरेसोरेसुद्धा तिला नावाने ओळखतात. तिला जाहिरात लागत नाही. शारदा द्विवेदी आणि मानवेंद्रसिंह बडवानी यांनी २००३ साली संस्थानिकांच्या मोटारींवर अख्खा ग्रंथ काढला. आपल्या महाराजांचे नाव सांगाल तर मी त्यात शोधीन. त्या दिवशी विचारले तेव्हा आपण “नाव गुप्त ठेवायची घराण्याची इच्छा आहे” म्हणालात आणि विषय बदलून अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉइसमधून शहराचा कचरा कसा उचलवला, ती कथा रंगवून सांगितलीत. छान सांगता. हीच कथा मी पतियाळा, भरतपूर आणि हैदराबादच्या नावानेही ऐकली आहे. एवढ्या संस्थानांत कचरा झाला, पण एकाही सांगणाऱ्याने कागदाचा कपटा दाखवला नाही.

माझे सर्वांत मोठे ऋण मात्र चार भोकांचे आहे.

या गाडीच्या मागच्या अंगाला, चासीच्या टोकाशी, बोल्टची चार भोके होती आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा धगीने काळवंडलेला होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेले तेव्हा आपल्याकडे मोटारींना आणि बसगाड्यांना कोळशाच्या गॅसचे संच लावले जात. मागे भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा, तिथून नळीने गॅस इंजिनात. चढ आला की ताकद कमी पडे, पण गाडी चाले. डॉक्टरांच्या गाडीलाही असा संच होता. त्याची ती भोके. हेडलाइटच्या कड्यांवर दोन-दोन बारीक स्क्रूच्या खुणा होत्या, त्या ब्लॅकआउटच्या झाकणांच्या. उजव्या फूटबोर्डाचे रबर एकाच जागी झिजलेले होते, कारण डॉक्टर गाडी थांबता थांबता तिथे पाय देऊन उतरत. गाव अंधारात असताना, पेट्रोल नसताना, कोळसा पेटवून हा माणूस बाळंतपणाला जात होता. हे सगळे कुठल्या पुस्तकात नव्हते. गाडीवर होते.

भोके आपण वेल्डिंगने बुजवलीत. कड्या नव्या घातल्यात. फूटबोर्डावर चौकटीची ॲल्युमिनियमची पट्टी मारलीत, बसच्या पायरीला असते तशी. एवढ्या बारकाईने, एकही खूण न सोडता काम केलेत, की पोलिसांना गुंगारा देणाऱ्या माणसानेही आपल्याकडे शिकवणी लावावी.

लाकडाचा विषय राहिलाच. त्या काळच्या शेव्हरोलेची बॉडी म्हणजे आत टणक लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळवलेला पत्रा. दरवाजा लावताना जो दबका, भरीव आवाज येतो तो त्या लाकडाचा. मागच्या कोपऱ्यात दोन तुकड्यांना वाळवी लागली होती. चांगल्या सुताराने जुन्याला नवे सांधून दिले असते. आपण सांगाडा मुळापासून काढलात आणि खिडकीच्या ग्रिलला वापरतात तो चौकोनी पाइप वेल्ड करून टाकलात. आता दरवाजा लावला की गोदरेजचे कपाट बंद केल्याचा भास होतो. दागिने आत ठेवावेसे वाटतात.

आजींना आपण दिलेल्या वागणुकीबद्दलही लिहायला हवे. डॉक्टरांच्या सूनबाई, वय ऐंशीच्या पुढे. “आजी, भंगार आहे हो, जागा अडली आहे तुमची, मी उचलून नेतो, वर हे चार पैसे ठेवा,” असे म्हणून आपण त्यांच्या पाया पडलात. वाकून, दोन्ही हातांनी. आजी अजून सांगतात, पोरगा संस्कारी होता. त्यांच्या हातावर जेवढे ठेवलेत त्यात आपला तो पितळी नाग तरी आला असता का, याची मला शंका आहे. पण संस्कारांची किंमत कशी करणार?

आणि आता आपण मागता छत्तीस लाख. यावर त्या दिवशी आमच्या मंडळींत जी चर्चा झाली ती आपण कान देऊन ऐकत होतात, म्हणून तिचाही उल्लेख करतो. एक जण म्हणाले, “काम बघा, आरसा केलाय नुसता.” दुसऱ्यांनी हिशोब मांडला, की लग्नसराईत वरातीला भाड्याने लावली तर पैसे लवकर सुटतात. तिसरे म्हणाले, रॅलीत बक्षीस नक्की. ते खोटे नव्हते. आमच्या रॅल्यांत चकाकीला टाळी पडते, फेट्याला टाळी पडते, आणि ज्याची गाडी तिच्या मूळ, विटक्या रंगात येते त्याला लोक विचारतात, “काम कधी काढताय?” आपले दुकान चालते ते अशा जाणकारांच्या जिवावर, हे इथे कृतज्ञतेने नमूद करतो. त्यांतले काही हे पत्र वाचत असतील. त्यांनाही नमस्कार.

बाहेरच्या देशांत मात्र वेगळीच वेडी माणसे आहेत. इंग्लंडमध्ये एका गॅरेजात कित्येक वर्षे धूळ खात पडलेली १९३७ची बुगाटी ५७ एस अटलांट २००९ साली पॅरिसला लिलावात आली, आणि लोकांनी तिचे सुमारे ३४ लाख युरो मोजले, धुळीसकट. त्याहून कडी म्हणजे माज्जोरे सरोवरात १९३६ पासून बुडून राहिलेली एक बुगाटी ब्रेशिया. २००९ मध्ये ती वर काढली तेव्हा तिची एक बाजू गंजून गेली होती. तरी पुढच्याच वर्षी ती अडीच लाख युरोंच्या वर गेली. घेणाऱ्या संग्राहकाने ती तशीच, गंजलेली, कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात ठेवली. त्याला आपला फोन नंबर मिळाला असता तर आज तिला मरून रंग आणि पांढरे टायर असते. पेबल बीचच्या प्रदर्शनात तर २००१ पासून हात न लावलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्गच आहे, आणि जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ साली तुरिनची सनद करून सांगितले, की आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि अगदीच इलाज नसेल तर नव्याने घडवा. आपण क्रम तेवढा उलटा लावलात.

“परदेशी पार्टी तयार आहे, लवकर सांगा,” असे जाता जाता आमच्या कानात आपण कुजबुजलात. त्या पार्टीबद्दल मला काळजी वाटते. १ जानेवारी १९५०पूर्वी बनलेल्या मोटारी देशाबाहेर पाठवण्यावर सरकारचे निर्बंध आहेत; तेव्हा ती पार्टी गाडी नेणार कशी? की तीच आपल्या शेडमध्ये राहायला येणार आहे?

देशी गिऱ्हाइकाला आपण “व्हीए नंबर करून देतो” असेही आश्वासन दिलेत. फारच उत्तम. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ही मालिका मिळते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे. फक्त त्यात एक बारीकशी अट घुसवलेली आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तपासणीला येणाऱ्या मंडळींना आपण चहा-बिस्किटे द्यालच. पण त्यांच्यातला एखादा आमच्या काकांसारखा निघाला आणि बोनेट उघडा म्हणाला तर आरसी बुकात पेट्रोल आणि टाकीत डिझेल, हे त्याला कसे समजावाल, याची तालीम आधी करून ठेवावी ही नम्र सूचना.

एवढे सगळे दिलेत, आता हात जोडून एक शेवटचे मागणे. गाडी मला नको. मला ते सहा सिलिंडरचे इंजिन, नंबरची पितळी पाटी आणि खरेदीची पावती कुठे गेली, तेवढे सांगा. इंजिन आपण वजनावर घातले असेल, तर कोणत्या भंगारवाल्याला घातले त्याचा पत्ता द्या. किलोच्या भावाने आपल्याला जे मिळाले त्याच्या दुप्पट मी देतो. पाटी मुलामा देण्याच्या नादात हरवली असेल तर त्या मुलामेवाल्याचे नाव कळवा. पावतीचे काही सांगू नका. ती जाहिरातीतल्या महाराजांना अडचणीची होती, हे मी समजून आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपल्या उपकारांखाली दबलेला,
एक शिवडीप्रेमी

ता. क. : कऱ्हाडजवळच्या एका घरात ऑस्टिन सेव्हन आहे, ७४७ सीसीची, आणि आपण पुढच्या आठवड्यात तिच्या मालकीणबाईंच्या पाया पडायला जाणार आहात, असे कानावर आले. तिला म्हणे रिक्षाचे इंजिन नेमके बसते. आपली खेप वाचावी म्हणून कळवतो: त्या घरी मी कालच जाऊन आलो. गाडीचा आजचा बाजारभाव त्यांच्या नातवाला कागदावर लिहून दिला आहे, खाली सही करून. आपण जरूर जावे. चहा त्याही चांगला करतात.